रॉब स्टार्क "प्रेमापायी बुडाला" हे आता पुरे झालं

(तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकातलं बरंच काही खाली उघड केलंय. वाचायचं राहिलं असेल तर इथेच थांबा.)

'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या रॉब स्टार्कचा, उत्तरेच्या तरुण राजाचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पोरगा एकही लढाई हरला नाही, आणि एका पोरीपायी राज्य घालवून बसला." हे मत मालिका बघून झालं असेल तर बघणाऱ्याचा दोष नाही. मालिकेतला रॉब रणांगणावर जखमींची शुश्रूषा करणाऱ्या एका परदेशी तरुणीच्या प्रेमात पडतो, फ्रे घराण्याला दिलेला शब्द मोडून तिच्याशी लग्न करतो, आणि पुढे फ्रेंच्या घरी दुसऱ्याच एका लग्नाला पाहुणे म्हणून गेल्यावर, यजमानांनी केलेल्या हत्याकांडात, दोघंही मरतात. सरळ मामला आहे. मन मागे हटलं नाही, शब्द हटला.

मालिका ज्या पुस्तकांवर बेतली त्यांत मामला असा नाही. तिथे ती तरुणीही नाही. तिथे आहे जेन वेस्टरलिंग, म्हणजे शत्रूच्या, लॅनिस्टरांच्या मांडलिकाची मुलगी. आणि गंमत म्हणजे हे लग्न आपल्याला दाखवलेलंच नाही. मालेतलं दुसरं पुस्तक १९९८ मध्ये आलं, तिसरं २००० मध्ये, आणि लग्न नेमकं या दोघांमधल्या फटीत उरकतं. तिसऱ्या पुस्तकात रॉब बायकोला घेऊनच रिव्हररनला, आईच्या माहेरच्या किल्ल्यात, परततो. लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिननं रॉबच्या नजरेतून एकही प्रकरण लिहिलेलं नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला बहुतेक वेळा त्याच्या आईच्या, केटलिनच्या डोळ्यांतूनच कळतं, आणि तीही त्या वेळी शोकानं अर्धी झालेली असते. त्यामुळे त्याचा हेतू वाचकाला जुळवून काढावा लागतो. जुळवल्यावर जे हाती लागतं त्याला प्रेमकथा म्हणणं मला जड जातं.

मुळात सौदा काय होता? दक्षिणेत उतरायचं तर रॉबला नदी ओलांडायची होती आणि पूल होता वॉल्डर फ्रेच्या ताब्यात. केटलिन एकटी आत जाऊन बोलणी करते. ठरतं असं: फ्रे पूल उघडेल, किल्ल्यात ४०० माणसं ठेवून बाकीची आपली फौज रॉबला देईल. बदल्यात त्याचे दोन नातू स्टार्कांच्या विंटरफेल किल्ल्यात वाढवायचे, मुलगा ऑलिव्हर रॉबचा मदतनीस होणार, धाकट्या एल्मारशी रॉबच्या बहिणीचं, आर्याचं लग्न, आणि युद्ध संपल्यावर रॉबनं फ्रेच्या मुली-नातींपैकी एकीशी लग्न करायचं. म्हणजे एका पुलाची किंमत चार कलमांची आहे. "रॉबचं लग्न" हे त्यातलं एक कलम, सर्वांत महाग असलं तरी. आणि वॉल्डर फ्रे कसा माणूस आहे हे या बोलण्यांच्या आधीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या युद्धात तो लढाई संपल्यावर उगवला, म्हणून केटलिनचे वडीलच त्याला "उशिराचा फ्रे" म्हणायचे. शिवाय त्याचा मुलगा एमन हा टायविन लॅनिस्टरच्या, म्हणजे शत्रूच्या घराण्याच्या प्रमुखाच्या, सख्ख्या बहिणीचा नवरा. म्हणजे पहिल्या दिवसापासून या घराचा एक पाय पलीकडच्या काठावर आहे.

आता साखळी बघा. रॉब थिऑन ग्रेजॉयला त्याच्या बापाकडे तहाचा प्रस्ताव घेऊन पाठवतो. केटलिन म्हणते, दुसऱ्या कुणालाही पाठव, ह्याला नको. थिऑन दहा वर्षं स्टार्कांच्या घरी ओलीस होता. रॉबला तो भाऊ वाटतो. थिऑनला मात्र आपण या घरचे आहोत की त्या घरचे, हे कधी ठरवताच आलेलं नाही. बाप तहाचं पत्र जाळतो, आणि बापाच्या नजरेत भरायला थिऑन विंटरफेल काबीज करतो. रॉबचे धाकटे भाऊ ब्रॅन आणि रिकन निसटतात. ती नामुष्की लपवायला गिरणीवाल्याच्या दोन पोरांना मारून, त्यांची मुंडकी डांबरात बुडवून भिंतीवर लावली जातात. सगळ्या राज्यात बातमी जाते: स्टार्कांची धाकटी मुलं मेली.

ही एक खोटी बातमी दोन ठिकाणी पोचते आणि रॉबचे दोन खांब एकदम पाडते. रॉब तेव्हा पश्चिमेत वेस्टरलिंगांचा किल्ला घेताना बाण लागून अंथरुणात पडलेला आहे. शुश्रूषा जेन करते. भावांच्या मृत्यूची बातमी येते त्या रात्री ती त्याचं सांत्वन करते, आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी लग्न करतो. का? तिची अब्रू जाऊ नये म्हणून. सोळा वर्षांचा पोरगा, बापाच्या घरी अनौरस सावत्र भाऊ वाढताना बघितलेला. जॉन स्नोला काय सोसावं लागलं हे त्यानं रोज पाहिलंय. त्याच्यापुढे दोन शब्द आहेत: एक दूरच्या म्हाताऱ्याला दिलेला, दुसरा न देताच अंगावर आलेला. तो दुसरा पाळतो. प्रेम असेलच, पण लग्नाचं कारण प्रेम नाही. प्रेमात आंधळ्या झालेल्या माणसाला जेनला सोबत ठेवून फ्रेच्या मुलीशी लग्न करणं सहज जमलं असतं. राजे तेच करतात. रॉब ते करू शकत नाही, कारण तो नेड स्टार्कचा मुलगा आहे.

तीच बातमी रिव्हररनला केटलिनपर्यंत पोचते. ती मुलींना तरी परत मिळवायच्या आशेनं सर्वांत मोठा कैदी, टायविनचा मुलगा जेमी लॅनिस्टर, परस्पर सोडून देते. या जेमीनं रॉबचा सरदार लॉर्ड कारस्टार्क याची दोन मुलं रणांगणात मारलेली असतात. सूड हातचा गेला म्हणून कारस्टार्क कैदेतल्या दोन कोवळ्या मुलांना ठार करतो. त्यातला एक लॅनिस्टर, दुसरा टियन फ्रे. हे दुसरं नाव बरेच जण वाचून विसरतात. टियन हा वॉल्डर फ्रेचा नातू, त्याच एमनचा मुलगा, आणि तो रॉबच्या पहाऱ्यात मारला गेला. रॉब कारस्टार्कचं डोकं स्वतःच्या हातानं उडवतो. न्याय झाला, पण हिशोब असा बसला: कारस्टार्कांचे सुमारे ३०० स्वार आधीच जेमीला शोधायला पसार झालेले, त्यांचं पायदळ रॉबचा दुसरा सरदार रूझ बोल्टन याच्याकडे आणि आता रॉबवर चिडलेलं, आणि फ्रेच्या वहीत एक खून जास्तीचा.

मायलेकांची पुन्हा भेट होते ते प्रकरण मुद्दाम परत वाचा. रॉब आधी आईला माफ करतो. प्रेमापोटी माणूस मूर्खपणा करतो, नाही का आई, असं काहीसं म्हणतो. ती सुटकेचा श्वास टाकते, आणि मग तो जेनला पुढे आणतो. आता ही कोणत्या तोंडानं रागावणार? रॉबनं अख्ख्या पुस्तकात केलेलं एकमेव कपटी राजकारण हे, आणि तेही स्वतःच्या आईशी. अशी अक्कल त्यानं रूझ बोल्टनशी वापरली असती तर!

बोल्टनकडे येतोच आहे, पण त्याआधी जेनची आई. सिबेल वेस्टरलिंग. घर जुनं, तिजोरी रिकामी, आणि सिबेलचं माहेर मसाल्याच्या व्यापारातून वर आलेलं, म्हणून खानदानी लोकांत तिला मान नाही. मुलगी राणी झाल्यावर बाई काय करते? टायविनशी संधान बांधते. लेकीला दिवस जावेत म्हणून आपण रोज काढा देतो असं ती जेनला सांगते, आणि देते नेमका उलटा, गर्भ राहू नये असा. चौथ्या पुस्तकात ती जेमीसमोर हे बिनदिक्कत कबूल करते, वर ठरलेला मोबदला मागते. तिचा भाऊ रॉल्फ स्पायसर जवळ आला की रॉबचा लांडगा गुरगुरतो. रॉबला ते दिसतं, आणि तरीही तो मनावर घेत नाही. मुलीला फूस लावून आईनंच रॉबच्या खोलीत पाठवलं, असं काही वाचक म्हणतात. मला ते पटत नाही. किल्ला शत्रूनं जिंकलेला, राजा तापानं फणफणलेला, भाऊ मेल्याची बातमी कधी येईल हे कुणालाच माहीत नसलेलं. इतका बेत कुणी आखू शकत नाही. घडलं ते घडलं, आणि सिबेलनं घडल्यावर त्याची किंमत वसूल केली. जेन स्वतः निर्दोष आहे. रॉबसाठी ती खरोखर रडते, आणि आईनं डोक्यावरचा मुकुट हिसकावताना झालेला ओरखडा तिच्या कपाळावर असतो.

आता रूझ. रॉबचं पायदळ त्याच्या हाती कुणी दिलं? रॉबनंच, आणि आईच्या सल्ल्यानं. धाडसी नको, थंड डोक्याचा बघ, असं केटलिन म्हणाली होती. थंड डोकं मिळालं. सिंहासनाचा दुसरा दावेदार स्टॅनिस याचा राजधानीसमोर पराभव झाला ही बातमी आणि रॉबच्या लग्नाची बातमी, दोन्ही रूझच्या ताब्यातल्या हॅरनहॉल किल्ल्यात जवळजवळ एकाच सुमारास येतात. तिथले फ्रे उघड म्हणू लागतात, युद्ध हरल्यात जमा आहे. त्याच प्रकरणात रूझ रॉबच्या दोन निष्ठावंत सरदारांना डस्कनडेलवर चाल करून जायचा हुकूम देतो. त्या गावाला युद्धात काडीचं महत्त्व नाही. तिथे त्यांची कत्तल होते, आणि रॉब वैतागून विचारतो, माझं एक तृतीयांश पायदळ डस्कनडेलसाठी? पुढे नदी ओलांडताना मागे कोण राहतं तेही बघा. पलीकडच्या काठावर मरायला उरतात ती दुसऱ्या घराण्यांची माणसं. लग्नाला रूझ जवळपास ५०० स्वार आणि ३,००० पायदळ घेऊन येतो, त्यातली बहुतेक त्याच्या स्वतःच्या किल्ल्यातली आणि कारस्टार्कची. शिवाय दरम्यान त्यानं फ्रेची नात वॉल्डा हिच्याशी लग्नही केलेलं असतं, आणि हुंडा ठरलेला असतो वधूच्या वजनाइतकी चांदी. म्हणून त्यानं सर्वांत जाडी मुलगी निवडली. मार्टिनचा विनोद असा असतो, हसू येतं आणि अंगावर काटाही.

मांडलिकाच्या निष्ठेचा हा हिशोब मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांकडे राहिले, आणि शेजारचाच खंडोजी खोपडे खानाला मिळाला. एकाच मावळात, एकाच भीतीपुढे, दोन उत्तरं. म्हणून "सगळेच बेईमान होते, त्या काळी तसंच असायचं" हेही मला मान्य नाही. फ्रे घरातच बघा. रॉबचा मदतनीस ऑलिव्हर जेनशी झालेल्या लग्नानंतरही रॉबजवळ राहायला तयार होता. घरच्यांनी त्याला ओढून नेलं. हत्याकांडाच्या रात्री तो, पर्विन आणि ॲलेसँडर जागेवर नाहीत, हे केटलिनच्या लक्षात येतं. म्हाताऱ्यानं आपल्याच मुलानातवांतली इमानदार माणसं आधी वेचून बाजूला काढली होती.

त्या रात्रीला चार गोष्टी लागल्या: फ्रेचा राग, रॉबच्या छावणीतला फितूर, टायविनचं अभय, आणि पाहुणे छपराखाली येणं. रॉबच्या लग्नानं यातली पहिली दिली, आणि माफी मागायला, आपला मामा एडम्युर टली याचं फ्रेच्या मुलीशी लग्न लावून द्यायला त्याला तिथे जावं लागलं म्हणून फार तर चौथी. पण राग आलेला फ्रे एरवी काय करतो? तेच, जे तो आयुष्यभर करत आला. दार लावून बसतो आणि कोण जिंकतं ते बघतो. पाहुण्याला मारायची हिंमत त्याला टायविनच्या पत्रांनी दिली, आणि रिव्हररन एमनच्या नावे होईल या आश्वासनानं. रूझला उत्तरेचा कारभार मिळाला. जेन नसती तरी युद्ध हातातून निसटतच होतं. एडम्युरनं नदीच्या उतारांवर टायविनला अडवून "विजय" मिळवला, आणि त्यामुळेच टायविन वेळेत मागे वळून राजधानी वाचवायला पोचला. रॉबला त्याला पश्चिमेत ओढायचं होतं. तो बेत त्यानं मामाला सांगितलाच नव्हता. माझ्या मते रॉबच्या घोडचुका या: थिऑनला पाठवणं, एडम्युरला अंधारात ठेवणं, रूझवर नजर ठेवणारा कुणी न नेमणं. जेन या यादीत फार खाली येते.

आणि ते मीठ. केटलिन रॉबला बजावते, आत गेल्यावर आधी खायला माग. भाकर आणि मीठ पोटात गेलं की त्या छपराखाली जिवाला धोका नाही. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला खाणाऱ्यानं जागायचं असतं. तिथे खाऊ घालणाराही तितकाच बांधला जातो. महाभारतातला शल्य आठवतो. नकुल-सहदेवांचा सख्खा मामा, भाच्यांच्या मदतीला निघालेला, वाटेतल्या पाहुणचारावर खूश होऊन वर देऊन बसला, आणि पाहुणचार निघाला दुर्योधनाचा. शल्य फसवला गेला तरी अन्नाला जागला. वॉल्डर फ्रे स्वतःच वाढून स्वतःच मोडतो, म्हणून त्याच्यावर राज्यातले शत्रूसुद्धा थुंकतात. रॉबनं मोडला तो लग्नाचा शब्द. त्याची भरपाई होऊ शकत होती, चालूही होती: बदली नवरा म्हणून एडम्युर दिला होता, वधूसुद्धा अपेक्षेपेक्षा देखणी निघाली होती. तिला बघून खरं तर सगळ्यांना शंका यायला हवी होती.

मालिकेतल्या त्या तरुणीसारखी जेन त्या रात्री मरत नाही. ती रिव्हररनलाच असते. किल्ला पडल्यावर जेमी सिबेलला सांगतो, लेकीला लॉर्डचं स्थळ मिळेल, पण पूर्ण दोन वर्षं थांबावं लागेल. आधी मूल झालं तर लोक म्हणतील ते रॉबचं आहे. मग तो तिला आणि एडम्युरला ४०० माणसांच्या पहाऱ्यात पश्चिमेला रवाना करतो, आणि पहाऱ्याच्या प्रमुखाला बजावतो की निसटली तर ही पोरगी एडम्युरपेक्षा दुप्पट धोक्याची आहे.