म्हाताऱ्या दीर्घिकेत सुपरनोव्हा कसा? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. भिंगाकार (चकतीसारख्या, पण सर्पिल हात नसलेल्या) दीर्घिकांतला वायू जवळजवळ संपलेला असतो, नवे तारे फारसे जन्मत नाहीत, असं मीच लिहिलं आणि पुढच्याच परिच्छेदात एनजीसी ४५२६ या अशाच दीर्घिकेतल्या १९९४डी या सुपरनोव्हाचं (फुटलेल्या ताऱ्याचं) कौतुक केलं. हे एकमेकांना खोडून काढतं, असं तुमचं म्हणणं.

नाही खोडत. तुमच्या डोळ्यांसमोर आहे तो सूर्याच्या आठपटींहून जड तारा, गाभा कोसळून फुटणारा. असे तारे काही कोटी वर्षांतच आटोपतात. जिथे ते जन्मत नाहीत तिथे फुटणार कुठून? इथवर तुमचा तर्क बिनचूक. पण १९९४डी हा १ए प्रकारचा सुपरनोव्हा, आणि त्या प्रकारात फुटतो तो श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा मागे उरलेला कार्बन-ऑक्सिजनचा गाभा. जोडीदाराकडून वस्तुमान ओढून किंवा दुसऱ्या श्वेत बटूत विलीन होऊन (यावर तज्ज्ञांचं अजून जमलेलं नाही) तो पेटतो, आणि त्याला अब्जावधी वर्षंही लागू शकतात.

१९९४डी चा वर्णपट पाहा: हायड्रोजनचा मागमूस नाही, सिलिकॉनची रेषा मात्र ठसठशीत, हीच १ए ची खूण. हबलच्या प्रसिद्ध फोटोत तो खाली डावीकडे, दीर्घिकेच्या कडेला आहे, मधल्या धुळीच्या तबकडीपासून चांगलाच लांब. त्या तबकडीत थोडाफार वायू आहे, हो. ‘जवळजवळ’ हा शब्द उगाच नव्हता.

‘सगळे १ए सारखेच तेजस्वी ही थाप आहे’ हा तुमचा दुसरा टोला. १ए च्या तेजावरून दीर्घिकांची अंतरं काढतात, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा. सगळे सारखे नसतातच. फोर्नॅक्स तारकासमूहातली एनजीसी १३१६ ही दीर्घिका घ्या, तीही भिंगाकारच. तिथे १९८०एन, १९८१डी, २००६डीडी आणि २००६एमआर असे चार १ए दिसले. दीर्घिका एकच, म्हणजे अंतर एकच, त्यामुळे तुलना सोपी. पहिले तीन नेहमीच्या वळणाचे, चौथा मिणमिणता आणि भराभर विझलेला: स्फोटात किरणोत्सारी निकेल-५६ कमी तयार झालं की तेज कमी. म्हणूनच नुसतं तेज बघून अंतर काढत नाहीत, ते किती वेगाने उतरतं तेही मोजतात. हा संबंध खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये मांडला. त्या हिशेबाने पहिल्या तिघांची अंतरं एकमेकांशी जुळतात. २००६एमआर त्यातही बसत नाही, त्याच्यावरून दीर्घिका आहे त्याहून लांब वाटते. असे मंद नमुने बहुतेक अशा म्हाताऱ्या दीर्घिकांतच सापडतात, आणि अंतर मोजताना ते बाजूला ठेवले जातात.