अहंकार राहू द्या, आधी ड्रमर बघा

जुन्या रॉक बँडच्या चाहत्यांत एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्यात जेनेसिस, द पोलीस, आरईएम, टॉकिंग हेड्स, ब्लॅक सॅबथ, द स्मिथ्स अशी यादी आहे आणि वर ठळक अक्षरांत मथळा: ‘यांचे मूळ सदस्य आजही हयात आहेत. एकत्र येत नाहीत ते फक्त अहंकारापोटी. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही!’ पुढचे दावे असे की पैसा वाढवला की सगळे येतील, आले की पहिल्यासारखंच वाजेल, आणि वेळ थोडा उरलाय म्हणून चाहत्यांनी रेटा लावावा.

यादीपासूनच सुरुवात करू. स्मिथ्सचा बेसिस्ट अँडी रोर्क मे 2023 मध्ये गेला. सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न 22 जुलै 2025 ला. पुढे ढकलण्याआधी कुणी एवढं तरी तपासायला हरकत नव्हती.

आता ‘फक्त अहंकार’. हा दावा आरईएमला लावून बघा. चौघांचं भांडण नाही. गाणं कुणीही सुचवलेलं असो, श्रेय चौघांच्या नावावर, हा त्यांचा सुरुवातीपासूनचा रिवाज. 1 मार्च 1995 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कार्यक्रमात ड्रमर बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि तो मंचावरच कोसळला. शस्त्रक्रिया झाली, तो बरा होऊन परतलाही. पण 1997 मध्ये त्यानं बँड सोडला आणि शेती धरली. माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही, असं त्यानं बाकीच्यांना आधी सांगितलं होतं. उरलेल्या तिघांनी 2011 मध्ये शांतपणे दुकान बंद केलं. जून 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या एका सन्मान सोहळ्यात चौघांनी एक गाणं वाजवलं. त्याच सुमारास एका मुलाखतीत विचारलं गेलं, पुन्हा एकत्र यायला काय लागेल? बेसिस्ट माइक मिल्सचं उत्तर एका शब्दाचं होतं: धूमकेतू. यात अहंकार कुठे दिसतो? मला तरी आपलं काम नीट संपवलेली माणसं दिसतात.

जेनेसिसचं तर आणखी उलटं. गायक पीटर गॅब्रिएल 1975 मध्ये बाहेर पडला. 1982 मध्ये त्यानं भरवलेला वोमॅड हा संगीत महोत्सव कर्जात बुडाला, तेव्हा हेच जुने सोबती 2 ऑक्टोबरला मिल्टन कीन्सच्या पावसात त्याच्यासाठी उभे राहिले. शेवटच्या गाण्यांना बँड सोडलेला गिटारिस्ट स्टीव्ह हॅकेटही आला. म्हणजे फॉरवर्डवाले ज्याची वाट बघताहेत ते कधीच होऊन गेलं. आज अडतं ते ड्रमर आणि गॅब्रिएलनंतरचा गायक फिल कॉलिन्सच्या शरीरापाशी. मानेच्या मणक्यांची दुखापत, मग हातांतली ताकद गेली. एका अल्बमच्या वेळी काठ्या हाताला टेपनं बांधून वाजवाव्या लागल्या, हे त्यानंच सांगितलंय. शेवटच्या दौऱ्यात तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा विशीतला मुलगा निक होता. 26 मार्च 2022 ला लंडनच्या ओटू अरिनात तो दौरा संपला. गिटारवाला सत्तरीत चार सूर कमी लावून भागवतो, गायक पट्टी खाली आणतो. ड्रमरला असली सवलत नाही.

पैशाचं म्हणाल तर टॉकिंग हेड्सना 8 कोटी डॉलरच्या दौऱ्याचा प्रस्ताव होता आणि तो नाकारला गेला, अशी बातमी 2024 मध्ये आली. 2023 मध्ये हेच चौघं त्यांच्या जुन्या चित्रपटासाठी टोरंटोत एका मंचावर बसून गप्पा मारून गेले होते. बोलायला तयार, वाजवायला नाही. आणि जिथे पैसा आला तिथेही सगळे आले असं नाही. मुंबईकरांनी हे स्वतः पाहिलंय. डिसेंबर 2012 मध्ये गन्स अँड रोझेस हा बँड मुंबईत आला तेव्हा जुन्यांपैकी मुख्य म्हणजे गायक अ‍ॅक्सल रोझ. 17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर जुने सदस्य स्लॅश आणि डफ मकेगन सोबत होते, पण मूळ गिटारिस्ट इझी स्ट्रॅडलिन नव्हता. कमाई सारखी वाटायची बाकीच्यांची तयारी नाही, हे त्यानं 2016 मध्येच जाहीर सांगून टाकलं होतं. ड्रमवर मूळचा स्टीव्हन अ‍ॅडलर नव्हे, तर 2025 मध्येच आलेला आयझॅक कार्पेंटर. प्रश्न रक्कम किती हा नसतोच. वाटणी कशी, इथेच घोडं पेंड खातं.

‘पहिल्यासारखंच वाजेल’ म्हणणाऱ्यांनी द पोलीस आठवावेत. मार्च 1980 मध्ये मुंबईच्या रंगभवनात त्यांचा कार्यक्रम झाला होता. तो ऐकलेल्या पिढीकडून त्याचे किस्से अजून ऐकायला मिळतात. तिघंही धडधाकट असताना 2007 मध्ये ते दौऱ्यावर निघाले. व्हँकुव्हरच्या दुसऱ्याच कार्यक्रमानंतर ड्रमर स्टुअर्ट कोपलँडनं स्वतःच्या संकेतस्थळावर आपल्याच बँडची यथेच्छ खिल्ली उडवली: कोण कुठे वाजवतोय याचा कुणालाच पत्ता नव्हता! पुढे सराव बसला, दौरा ऑगस्ट 2008 पर्यंत चालला, कमाई साधारण 36 कोटी डॉलरच्या घरात गेली. पण सूर जुळला म्हणून हिशेब जुळतो असं नाही. 2025 मध्ये कोपलँड आणि गिटारिस्ट अँडी समर्स यांनी रॉयल्टीवरून गायक-गीतकार स्टिंगला लंडनच्या कोर्टात खेचलं. सारखं श्रेय वाटणारे आरईएम आणि बहुतेक गाण्यांवर एकट्या स्टिंगचं नाव असलेले पोलीस, हा फरक फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

‘वेळ थोडा आहे’ हा दावा मात्र मी खोडणार नाही. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचे चौघंही मूळ सदस्य वीस वर्षांनी एकत्र वाजले; ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला आणि सतराव्या दिवशी गेला. पण हे जमलं ते कुणी रेटा लावला म्हणून नव्हे. ड्रमर बिल वॉर्ड 2012 मध्ये बाहेर राहिला होता तो कराराच्या अटी मान्य नव्हत्या म्हणून. त्यानंतरचा अल्बम आणि 2017 मध्ये संपलेला निरोपाचा दौरा दुसऱ्यांच्या ड्रमवर उरकला. व्हिला पार्कला सॅबथची गाणी होती फक्त चार, आणि मिळकत पार्किन्सनच्या संशोधनाला आणि मुलांच्या रुग्णालयांसारख्या कामांना जाणार होती. दौरा नाही, अल्बम नाही. माझ्या मते वॉर्ड परत येऊ शकला तो यामुळेच: चौघांत वाटून घ्यायला काही उरलंच नव्हतं.