च्च

रविवारी एका मंगल कार्यालयातल्या बुद्धिबळाच्या रॅपिड, म्हणजे झटपट डावांच्या स्पर्धेत हरलो. समोर आठवीतली मुलगी होती, छान खेळली, विषय संपला. माझं भांडण आहे ते माझ्या खुर्चीमागं उभ्या असलेल्या काकांशी.

तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं. मी माझं एकच सरकवलं. म्हणजे फ्रेंच डिफेन्स नावाचा बचाव. मागून आवाज आला, "च्च."

प्रेक्षकांनी चालू डावाबद्दल बोलू नये, असा फिडेचा, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. पण 'च्च' हे बोलणं की नुसता श्वास? तिसऱ्या चालीला तिनं प्यादं ई-5 वर रेटलं, माझा उंट स्वतःच्याच ई-6 च्या प्याद्यामागं कोंडला. "च्च, च्च." अहो, या प्रकारात तो कोंडतोच! 1834 मध्ये पॅरिसवाल्यांनी लंडनवाल्यांशी पत्रापत्रीनं डाव सुरू केला आणि हाच बचाव खेळून जिंकला. नाव पडलं ते त्यावरून. पण त्यांचं बरं होतं. टपालात च्च ऐकू येत नाही.

मी मान वळवून "काका, जरा..." एवढंच म्हटलं, तर पंच धावत आले आणि तंबी मलाच! घड्याळही माझंच पळत होतं.

डाव संपल्यावर काकांनी मला जिन्यात गाठलं.

"फ्रेंच का खेळता हो? तो उंट जन्मभर घरातच."

"बोटविनिक खेळायचा. जगज्जेता होता."

"त्याचं वेगळं."

"तुम्ही खेळता?"

"छे, छे. नातू क्लासला असतो तेव्हा मी बाहेर चपलांच्या बाकावर बसतो. सरांचा आवाज खणखणीत आहे, सगळं ऐकू येतं."

म्हणजे माझ्या डावाचं परीक्षण चपलांच्या बाकावरून! बरं, 700 रुपये प्रवेश फी घेऊन पाहुण्यांच्या भाषणापायी तासभर खोळंबा केला, मग वेळ भरून काढायला 15 मिनिटांचे डाव 10 मिनिटांवर आणले. 10 मिनिटांचा डाव नियमानं रॅपिड राहतच नाही, त्याहून झटपट असा ब्लिट्झ होतो. हे पंचांना सांगितलं, तर ते पंख्याकडे बघायला लागले. सगळ्या आईबापांना फाटकाबाहेर उन्हात उभं केलेलं. मग हे काका आत कसे? तर म्हणे पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स त्यांनी दिलेत.

माझ्या टेबलापर्यंत एकही बाटली आली नाही.