मॉल, गोलाई आणि बसायची जागा

मॉल म्हणजे चंगळवाद, असं कुणी म्हटलं की माझं डोकं तापतं. म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. लग्नाच्या खरेदीला सकाळच्या एसटीने शहरात उतरून संध्याकाळच्या गाडीने परत जाणारी बाई दिवसभर पाणी का पीत नाही, याचा विचार त्यांनी कधी केलेला नसतो. सध्या ‘मॉल संपले, ऑनलाइनने खाल्ले, बरं झालं’ अशा पोस्टी सारख्या दिसताहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी लातूरची. गोलाईला, म्हणजे तिथल्या गोल आखलेल्या मुख्य बाजारपेठेला, मिळणाऱ्या एका रस्त्यावर आमचं कापडाचं दुकान होतं, वर घर. लग्न होऊन औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सिडकोत आले. माहेरी गल्ल्यामागची बाजू पाहिली, सासरी गिऱ्हाईक झाले.

लगीनसराईत आमच्याकडे बस्ता बांधायला माणसं यायची. औसा, निलंगा, रेणापूर, कुठून कुठून. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, मामा, आत्या, गावातल्या दोन-चार जाणत्या बायका, असे मिळून वीस-पंचवीस जण. गादीवर बैठक बसायची, चहा फिरायचा, साड्यांचे ढीग पडायचे. मानापानाच्या लुगड्यांवरून व्याह्या-व्याह्यांत कुरबूर व्हायची आणि वडील ती मिटवायचेही. पाच-सहा तास सहज जायचे. तेवढ्या वेळात बायकांची एकच अडचण असायची. कुणीतरी हळूच विचारायचं, ‘वैनी वर हायत का?’ मग आई त्यांना वर न्यायची. संडास, मोरी, पाण्याचा माठ, लेकुरवाळीला बाळ पाजायला आडोसा. आमचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकलं त्यात वडिलांनी लावलेल्या दराचा जेवढा वाटा, तेवढाच त्या जिन्याचा. ज्या दुकानांच्या वर घर नव्हतं तिथल्या गिऱ्हाईक बायका काय करत होत्या, ते मला मोठेपणी कळलं. त्या घरून निघतानाच पाणी पिणं बंद करत होत्या.

गोलाईबद्दल मला अपार प्रेम आहे. 1917 ची ती. निजामाच्या काळात फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल दुमजली इमारत आणि तिला येऊन मिळणारे 16 रस्ते. सोनं, चपला, मिरची, गूळ, कापड, सगळं चालत फिरण्याच्या अंतरात. इतकी शहाणी आखणी मी दुसऱ्या कुठल्या बाजारपेठेत पाहिली नाही. पण तिच्यात बाईला टेकायला ओटा नाही आणि आडोसा नाही, हेही तेवढंच खरं. पुढे गाड्या वाढल्या, हातगाड्या वाढल्या आणि होती ती उभं राहायची जागासुद्धा गेली.

आता मॉलकडे येते. 2010 मध्ये संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत प्रोझोन मॉल उघडला. तयार कपड्यांचा प्रोव्होग ब्रँड चालवणारी कंपनी आणि ब्रिटनमध्ये मोठमोठे मॉल चालवणारी एक कंपनी, अशी भागीदारी होती. ते वर्षच शहराच्या अंगात आलं होतं. ऑक्टोबरमध्ये इथल्या मंडळींनी एकदम 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या, 65 कोटींच्या, आणि देशभर बातमी झाली. 1985 पासून वाळूजला बजाजचा कारखाना होता, त्याच्या मागोमाग आलेल्या लहानमोठ्या कारखान्यांनी एक पिढी उभी केली होती. हातात पैसा होता, आणि तो घेऊन जायचं कुठे, तर गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार, फार तर कॅनॉट. गुलमंडीवर बाई दुकानात असेपर्यंत ठीक. दुकानातून बाहेर पडली की चालत राहायचं. थांबली की कुणीतरी बघतं, कुणीतरी हॉर्न मारतं.

मॉलमध्ये पहिल्यांदा आमच्याकडच्या बायकांना काही न घेता थांबता आलं. मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, दुपारी बाजार ओस पडतो, आणि तेव्हा मराठवाड्यात भारनियमन रोजचंच होतं. माझी मावशी औशाहून आली की चार दिवसांतली एक दुपार मॉलमध्ये काढायची. ‘मावशी, काय घ्यायचं?’ म्हटलं की म्हणायची, ‘काई नको गं बाई. घरात लई उकडायलंय, गार वाऱ्यात बसू जरा.’ नऊवारी नेसून बाकावर बसायची, लोक बघायची. स्वच्छतागृहात तर ती मुद्दाम दोनदा जायची आणि बाहेर येऊन फरशी किती कोरडी होती ते मला सांगायची. मावशीने चंगळ केली असं ज्याला म्हणायचं असेल त्याने तिच्या गावी जाऊन तिच्या तोंडावर म्हणावं.

या सगळ्याचा मूळ पुरुष व्हिक्टर ग्रुएन नावाचा व्हिएन्नाचा वास्तुकार. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा, 1938 मध्ये, तो जीव वाचवून अमेरिकेत गेला. तिथली उपनगरं त्याला भकास वाटली. घरापासून दुकान लांब, दुकानापासून दवाखाना लांब, माणसं आपापल्या मोटारीत बंद. व्हिएन्नातल्या चौकासारखी, माणसाने पायी फिरावं, बसावं, बोलावं अशी जागा त्याला उभी करायची होती. मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात उकाडा, म्हणून चौकावर त्याने छप्पर घातलं. मिनियापोलिसजवळच्या इडाइनात 8 ऑक्टोबर 1956 ला साउथडेल सेंटर उघडलं. आत 72 दुकानं, मध्ये बागेसारखा चौक, झाडं, पक्ष्यांचा भलामोठा पिंजरा, बाराही महिने एकच हवा. पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित असा हा पहिला मॉल समजतात. ग्रुएनच्या आराखड्यात भोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं असं सगळं होतं. बांधणाऱ्यांनी दुकानं तेवढी घेतली आणि त्यांच्याभोवती गाड्यांसाठी मैदान केलं. 1954 मध्ये अमेरिकेत करआकारणीत घसाऱ्याची, म्हणजे इमारत जुनी होत जाते त्यापोटी मिळणारी, सवलत वाढली होती, त्यामुळे नव्या इमारतीत पैसा घालणं फायद्याचं झालं होतं. मग मॉलचं पेवच फुटलं. म्हातारपणी ग्रुएन व्हिएन्नाला परत गेला, तर 1976 मध्ये त्याच्याच शहराच्या दक्षिणेला भलाथोरला मॉल उभा राहिला. शहरातल्या छोट्या दुकानांचं काय होणार, या काळजीने तो कासावीस झाला. 1978 मध्ये लंडनच्या भाषणात त्याने या मॉलांशी आपलं नातं जाहीरपणे तोडलं आणि दोन वर्षांनी वारला.

माझ्या मावशीला त्या बाकावर मिळालं तेच या माणसाला सगळ्यांना द्यायचं होतं. म्हणून त्याची गोष्ट मला जवळची वाटते.

आपल्या देशात ही कल्पना आली ती दारावर पहारेकरी घेऊनच. 1999 मध्ये दिल्लीत अन्सल प्लाझा आणि मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडलं. गर्दी आवरेना म्हणून क्रॉसरोड्सने सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यांना आत सोडायचं आणि बाकीच्यांना प्रवेशाचे पैसे लावायचे, असा नियम केला होता. त्या काळी मोबाइल किती जणांकडे होता? पुढे ते मॉल दुसऱ्याच्या हाती गेलं, नाव बदललं, पण पहिले दिवस परत आले नाहीत. आपल्याकडे कार्ड कुणी मागितलं नाही, तरी दाराची भीती होतीच. धोतर-पटक्यातला माणूस सरकत्या जिन्यापाशी येऊन थबकायचा. एका मॉलमध्ये आमच्या पिशवीतल्या भाकरी-चटणीचा डबा दारावर काढून ठेवायला लावला, तो अपमान मला अजून टोचतो. मालकीची जागा ती मालकीचीच. तिथे बसणं ही त्यांची मेहरबानी असते आणि ती कधीही काढून घेता येते.

मॉल का चालतात आणि का बसतात, याबद्दल दुकानदाराची मुलगी म्हणून थोडं बोलते. ज्या मॉलचे गाळे बिल्डरने सुटे सुटे विकले, तिथे शंभर मालक झाले. एकाने भाडं वाढवलं, दुसऱ्याने गाळा कुलूप लावून गुंतवणूक म्हणून ठेवला, तिसऱ्याने झेरॉक्सवाल्याला दिला. वातानुकूलनाचं बिल कुणी भरायचं यावर भांडणं, मग ते बंद, मग गिऱ्हाईक बंद. ज्यांनी गाळे न विकता भाड्याने दिले, कुणाच्या शेजारी कोण बसेल हे स्वतः ठरवलं, त्यांचे मॉल टिकायची शक्यता जास्त. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेने 2023 मध्ये देशातल्या 8 मोठ्या शहरांत 64 भुताटकी मॉल मोजले, म्हणजे 40 टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले.

हा रोग आपल्याला नवा नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जा. पालिकेचं व्यापारी संकुल दिसेल. तळमजला भरलेला, वरचे शटर गंजलेले, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, तळघरात पावसाचं पाणी. त्यात स्वच्छतागृह नकाशावर असतं. प्रत्यक्षात त्याला कुलूप असतं, नाहीतर त्यात कुणाचा तरी माल भरलेला असतो. आमच्या लोकांनी पंचवीस-तीस वर्षं ही संकुलं बांधली आणि एकदाही बाईला विचारलं नाही.

मग दिवस फिरले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, आणि औशातल्या मुलीला साडीचा फोटो बघून घरपोच मागवता येऊ लागली, पैसे माल हातात आल्यावर. ब्रँडची शोरूम तालुक्याला पोचली. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. त्याच जूनमध्ये प्रोझोनमधला तो ब्रिटिश भागीदार, ज्याचं नाव तोवर इंटू झालं होतं, तिकडे ब्रिटनमध्ये दिवाळखोरीत गेला. राज्यात मॉल 5 ऑगस्टला उघडले, पण सिनेमाघरं नोव्हेंबरपर्यंत बंदच, आणि सिनेमाशिवाय मॉलमध्ये माणूस कशाला येईल? फेब्रुवारी 2022 मध्ये बिग बझारची दुकानं रिलायन्सने ताब्यात घेतली. ज्या दुकानांच्या जोरावर गावोगाव मॉल भरायचे, त्यांतलं मोठं नाव असं पुसलं गेलं.

तरीही रविवारी प्रोझोनला गर्दी असते. हातात पिशव्या असलेली माणसं कमी, पोरंबाळं घेऊन फिरणारी जास्त. पेठेतले व्यापारी ही गर्दी पाहून हळहळतात, आपलं गिऱ्हाईक पळवलं म्हणतात. मी त्यांच्यातलीच आहे, म्हणून हक्काने सांगते. गिऱ्हाईक मालासाठी गेलेलं नाही. माल गुलमंडीवर जास्त आहे, भाव बरा आहे, साडी उलगडून दाखवणारा माणूस आहे. गिऱ्हाईक सावलीसाठी, बाकासाठी आणि स्वच्छतागृहासाठी गेलं आहे. आमच्या दुकानातला तो जिना जे काम करत होता, ते काम सगळ्या पेठेने मिळून केलं असतं तर आजही लोक तिथेच असते.

लातूरचं तर मला जास्तच लागतं. तिथे बारावीच्या आणि नीटच्या शिकवणीला मराठवाडाभरातून मुली येतात, खोल्या करून राहतात. रविवारी चार तास मोकळे मिळाले तर या मुलींनी जायचं कुठे? हॉटेलात बसलं तर ऑर्डर द्यावी लागते. बागेत बसलं तर टवाळखोर. कुणी मॉल बांधला तर त्या तिथे जातील आणि आपण पुन्हा त्यांना चंगळवादी म्हणू.

माझं मागणं साधं आहे. गोलाईच्या वर्तुळात गाड्या बंद करा. सोळा रस्त्यांपैकी निदान चार रस्त्यांच्या तोंडाशी बायकांसाठी स्वच्छतागृह, पाणी आणि बाळ पाजायला खोली करा, आणि ती चालवायचा खर्च पालिका व व्यापारी अर्धा-अर्धा उचलू दे. गुलमंडी ते पैठण गेट या पट्ट्यातही तेच. नव्या संकुलाचा नकाशा मंजूर करताना वरचे मजले कुणाला लागणार ते आधी विचारा. नसतील लागणार तर बांधू नका, त्या पैशात पत्र्याची सावली आणि बाक होतात. सगळीकडे वातानुकूलन नको, मावशीला पंखासुद्धा चालला असता.

आणि एक मदत हवी आहे. तुमच्या गावच्या मुख्य बाजारात, बसस्टँड सोडून, बायकांसाठी उघडं आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, ते खाली लिहा. गाव, जागेची खूण, कुलूप कधी उघडतं, पाणी असतं का. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, जालना, नांदेड, कुठलंही गाव चालेल. बायकांनी स्वतः बघून लिहिलं तर उत्तम. मी जिल्ह्यावार यादी करून त्या त्या पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि महापालिकेच्या आयुक्तांना लेखी देणार आहे, आणि पोच मिळाली की इथेच टाकेन.