‘एकट्याने १० विमानं पाडली’ : इंद्रलाल रॉयवरचा तो मेसेज

जुलै उजाडला की तो मेसेज हमखास येतो : ‘भारतीय हवाई दलाचा पहिला वैमानिक, १९ वर्षांचा इंद्रलाल रॉय, याने १४ दिवसांत एकट्याने १० जर्मन विमानं पाडली. इंग्रजांनी साधी दखलही घेतली नाही.’ वय बरोबर आहे. बाकीचं बघू.

भारतीय हवाई दल स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ला. रॉय पहिल्या महायुद्धात, १९१८मध्येच गेला. कोलकात्यात जन्मलेला आणि लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकलेला हा पोरगा ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअर या लष्करी विमानदलात होता. तिथलाही पहिला भारतीय नव्हे. हरदितसिंग मलिक त्याच्या आधी, एप्रिल १९१७मध्ये दाखल झाले होते. आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर तर मेसेजवाल्यांच्या गावीही नसतात! ते डॉल्फिन नावाचं लढाऊ विमान उडवायचे. रॉयच्या तीन आठवडे आधी, ३० जून १९१८ला गेले.

माझा खरा राग ‘एकट्याने’ या शब्दावर आहे. ६ ते १९ जुलैदरम्यान १० विजय, हा आकडा खरा. ८ तारखेला तर चार तासांत तीन. पण त्यातले काही दुसऱ्या वैमानिकाबरोबर मिळून मिळवलेले आहेत, आणि काहींची नोंद ‘ताबा सुटून खाली गेलं’ एवढीच आहे. ब्रिटिश तेही विजयात धरत. विमान जमिनीवर आदळताना कुणी पाहिलेलं असायलाच हवं असं नव्हतं. शिवाय हे १४ दिवस आभाळातून पडले नाहीत. नोव्हेंबर १९१७मध्ये विमान कोसळून रॉय जबर जखमी झाला, उड्डाणाला अपात्र ठरला. बरा होताना विमानांची रेखाटनं काढत बसायचा. हट्टाने परतला तो ४० स्क्वाड्रनमध्ये, जॉर्ज मॅकेलरॉय या आयरिश कॅप्टनच्या हाताखाली, आणि त्याच्याच तालमीत तयार झाला. २२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हँजवळ जर्मनांच्या फोकर विमानांशी झुंजताना रॉय पडला. (पॅराशूट? ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना ते दिलंच जात नसे.) नऊ दिवसांनी मॅकेलरॉयही गेला.

राहिली दखल. त्याच सप्टेंबरात रॉयला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान जाहीर झाला. तो मिळवणारा तो पहिला भारतीय. कबर फ्रान्समधल्या एस्तव्हेल गावात आहे, आणि तिच्यावर फ्रेंचच्या जोडीला बंगाली अक्षरं कोरलेली आहेत.