ठाणे-वाशी लोकलची चित्रगोष्ट करताना

'लोकलमध्ये रडायचं नाही. धक्का द्यायचा नाही. शहाण्यासारखं बसायचं.' ऑटिस्टिक मुलांसाठी अशा 'गोष्टी' लिहून, लॅमिनेट करून दिल्या जातात, आणि त्याचं फार वाईट वाटतं. ही ताकीद झाली. मूल फलाटावर किंचाळतं कारण पुढे काय होणार हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोशल स्टोरी' म्हणजे एखादा प्रसंग मुलाला समजावणारी छोटी गोष्ट मांडली, ती माहिती देण्यासाठी. काय करावं हे सांगणारं एक वाक्य असेल, तर काय घडतं हे सांगणारी किमान दोन हवीत.

ठाणे-वाशीचं उदाहरण घ्या. आठ पानं पुरतात, पानावर एक फोटो आणि एक-दोन वाक्यं. 'गाडी येताना मोठा आवाज होतो. गाडी थांबली की आवाज कमी होतो. मी कानावर हात ठेवू शकतो.' मुलगी असेल तर 'शकते'. उतरवून घेतलेल्या गोष्टींत ही चूक हमखास राहते. 'मी' आणि 'तू'ची अदलाबदल करणाऱ्या मुलासाठी सरळ त्याचं नाव घालून लिहा. घरात आगरी बोलत असाल तर आगरीतच लिहा, पुस्तकी मराठी कशाला?

फोटो आपल्याच स्टेशनचे काढा. मागे जाहिरात किंवा पंखा आला तर मूल तेच बघत बसेल, म्हणून फोटो कापून घ्या. लॅमिनेशन चकचकीत नको, ट्यूबलाइटखाली चमकतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो खोट्या वाक्यांनी. 'आपल्याला खिडकी मिळेल' असं लिहिलं आणि मिळाली नाही, की पुस्तकावरचा विश्वास गेला. 'कधी कधी जागा मिळते, कधी उभं राहावं लागतं' असं लिहा. स्टेशनांची यादी जुनी असेल तर ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव नसेल. हे स्टेशन २०२४मध्ये सुरू झालं. शब्दशः वाचणाऱ्या मुलासाठी ते न छापलेलं स्टेशन म्हणजे चुकलेली गाडी. तुर्भ्यानंतर काही गाड्या सानपाडा-वाशीकडे जातात, काही जुईनगर-नेरूळकडे. इंडिकेटरवर 'वाशी' लिहिलेला फोटो म्हणूनच हवा.

वाचायची वेळ शांत हवी, रोज एकदा, प्रवासाच्या आठवडाभर आधीपासून. रडणं सुरू झाल्यावर पुस्तक पुढे केलं तर ती शिक्षा वाटते. तेव्हा मुलाला बाजूला शांत जागी न्या, पुस्तक पिशवीतच राहू द्या. प्रवास जमू लागला की एकेक पान कमी करा.

आणि निम्म्या गोष्टी तरी मुलाला आधीच जमणाऱ्या कामांच्या असाव्यात: डबा उघडणं, जिना उतरणं, आजीला पाणी देणं. फक्त अडचणींचीच पुस्तकं घरात आली, तर पुस्तक दिसताच मूल खोलीतून निघून जातं.