टिळकवाडीतलं कौलारू घर: ‘गांधीजी इथं उतरले होते’ याच्या पलीकडे

बेळगावात जुनं घर पाडायला निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘शंभर वर्षांचं आहे हो’ आणि ‘इथं गांधीजी उतरले होते’. घर वाचवायला दोन्ही कुचकामी. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा गांधीजींसाठी छावणीतच कुटी उभारली होती. तरी टिळकवाडीतल्या निम्म्या घरांना त्यांचे पाय लागलेत म्हणे! आणि शंभरीचं म्हणाल, तर केंद्राच्या प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात ती नुसती पात्रतेची अट आहे. वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरून अधिसूचना निघाली तरच संरक्षण. किल्ल्यातल्या कमलबस्तीला, म्हणजे तिथल्या जैन मंदिराला, ते आहे. टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या राहत्या घराला मिळणार नाही, हे धरूनच चालावं.

मग या घरांचं मोल कशात? आमच्या मते त्यांच्या आराखड्यात. शहापुरातलं किंवा गावातल्या गल्लीतलं जुनं घर बघा: भिंतीला भिंत लागलेली, दार थेट रस्त्यावर, उजेड येणार तो मधल्या चौकातून. १८९७ नंतर प्लेगच्या साथींमुळे दाट वस्तीची धास्ती बसली आणि लोक गावाबाहेर मोकळ्यावर घरं बांधू लागले. कॅम्पातले, म्हणजे लष्करी छावणीतले, साहेबांचे बंगले नजरेसमोर होतेच. म्हणून घर चारही बाजूंनी सुटं झालं, पुढे व्हरांडा आला, भोवती आवार आलं. पण उंबरा ओलांडा: सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, आणि मागं परड्यात न्हाणी, सगळं गल्लीतल्याच क्रमानं. बाहेरून बंगला, आतून वाडा. माणसांची राहणी बदलत होती आणि कुठं अडत होती, हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या कागदात दिसत नाही. म्हणूनच दर्शनी व्हरांडा ठेवून मागं चार मजले चढवणं म्हणजे पुस्तकाचं मुखपृष्ठ ठेवून पानं रद्दीत घालणं. विहीर, परडं, आवारातला फणस हेही त्या आराखड्यातच मोडतात.

साल ठरवताना कौलावर विसंबू नका. मंगळुरी कौल उलटं केलं की काहींवर १८६५ दिसतं आणि मालक हरखतो. ते बासेल मिशनच्या मंगळूरच्या कारखान्याचं साल, घराचं नव्हे. शिवाय कौलं एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात. त्यापेक्षा सिटी सर्व्हेचा उतारा, जुनं खरेदीखत, वाटणीपत्र काढा. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, त्यामुळे जुने कागद मोडीत, मराठीत नाहीतर इंग्रजीत सापडतात. मोडी वाचणारा शोधावा लागेल, पण तो खर्च वाया जात नाही. सोबत १:१०० मापाचा नकाशा, प्रत्येक भिंतीची जाडी आणि चारही बाजूंचे फोटो. नंतरच्या दुरुस्त्या नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा, लपवू नका.

आता छप्पर, कारण घर मरतं ते बहुतेक वरून.

चौरस मीटरला साधारण १५ मंगळुरी कौलं लागतात. एक कौल अडीच-तीन किलोचं, म्हणजे लाकूड धरूनही चौरस मीटरला ६०-७० किलो भार. ते काढून ५ इंची स्लॅब टाकला की तोच भार तीनशेच्या वर जातो. मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या भिंतीवर हा बोजा चढवला की दोन-चार पावसाळ्यांत चौकटींच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात, आणि मग ‘जुनं बांधकाम कच्चंच होतं’ असा निकाल दिला जातो.

कौलं उतरवून शाकारायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलात आपल्याकडे वळीव कधी कोसळेल, नेम नाही. एका वेळी एकच पाखं उघडावं. आधी रीप, म्हणजे कौलं टेकतात ती लाकडी पट्टी, तपासा: सुरीचं टोक सहज आत गेलं तर ती बदला. वाशाचं टोक भिंतीवर जिथं टेकतं तिथं वाळवी सगळ्यात आधी लागते आणि ती खालून दिसत नाही. शेवाळ काढायला ब्रश आणि पाणी पुरे. अॅसिड मारलं की कौलाची कातडी जाते आणि ते पाणी पिऊ लागतं. चालताना पाय कौलाच्या मधोमध नको, खाली रीप आहे तिथंच पडू द्या. आणि आढ्यावरची कौलं, म्हणजे कोने, सिमेंटात बसवू नका, चुन्यात बसवा. सिमेंट इतकं घट्ट धरतं की पुढच्या वेळी एक कोना काढताना खालची चार कौलं फुटतात. दोन पाखी मिळतात त्या पन्हळीचा पत्रा मात्र दर दोन वर्षांनी हातानं तपासा. तिथं पाला साचतो, पत्रा गंजतो आणि नेमकी कोपऱ्यातली मुख्य तुळई कुजते. ही एक तुळई बदलायचा खर्च पंधरा वर्षांच्या साफसफाईहून जास्त येतो.

भिंतींची गोष्ट थोडक्यात. जांभ्याचा चिरा आणि जुनी वीट ओल शोषतात आणि परत सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, भिंतीत क्षार साचतात आणि तीन-चार वर्षांत गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊन पडतो. बोटाच्या पेरानं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तेवढाच भाग उतरवा. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, दोन थरांत. निदान आठवडाभर ओला ठेवा, उन्हाच्या बाजूला गोणपाट लावून. वरून प्लॅस्टिक पेंट नको, चुन्याचीच सफेदी. पश्चिमेची भिंत पहिल्यांदा घ्या, पावसाचा मार तिथं सगळ्यात जास्त बसतो.

एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही: रस्ता. दर डांबरीकरणाला तो चढतो आणि एके काळी तीन पायऱ्या वर असलेलं जोतं दीड पायरीवर येतं. मग मालक आवारात मुरूम भरून सगळीकडे फरशी घालतो आणि पाणी सरळ पायात उतरतं. आवार भरू नका. जोत्यापासून तीन फूट जागा मोकळी, मातीची ठेवा, तिचा उतार घराकडून बाहेर काढा. पागोळ्या पडतात त्या रेषेत उथळ चर खणून खडी भरा आणि तो चर विहिरीत नाही, बागेकडे सोडा.